माऊस सरांच्याच हातात

मी बीडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निजामाच्या महसूल पद्धतीवर मला झोपेतून उठवून विचारा, मी तासभर बोलेन. पण त्याच निजामाच्या मुलखाचा नकाशा वर्गातल्या पडद्यावर दाखवायचा म्हटलं की माझं गाडं अडायचं. समोर साठ पोरं बसलेली, पडद्यावर नुसता निळा उजेड, आणि मी वायरी उलट्यासुलट्या खुपसतोय. शेवटी वैतागून दारातून डोकं बाहेर काढायचो आणि ओरडायचो, "अरे, दीपमालाला बोलवा कुणीतरी!"

सगळं कॉलेज असंच ओरडायचं. ओरडणाऱ्यांत पीएच.डी. झालेले बारा जण होते. दीपमाला आमची विद्यार्थिनी होती, आणि ती सात वर्षं विद्यार्थिनीच राहिली. ते कसं, हेच मला सांगायचं आहे. सांगताना स्वतःची बाजू सावरून घ्यायचा मोह होईल, पण तो मी टाळणार आहे.

कमवा आणि शिका ही योजना आमच्याकडं जुनी. गरजू मुलांनी अभ्यास सांभाळून दिवसाचे तीन तास कॉलेजात काम करायचं, त्याचा थोडाफार मोबदला मिळतो. पूर्वी पोरं झाडांना पाणी घालायची, ग्रंथालयातली पुस्तकं झटकायची. पुढं हजेरी, गुण, परीक्षेचे अर्ज, आमच्या रजा, सगळंच संगणकावर गेलं आणि प्राध्यापकांची पाचावर धारण बसली. तेव्हा प्राचार्य अमरसिंह यांनी ठरवलं की चार मुलं प्राध्यापकांच्या मदतीला द्यायची. जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली, दारावर 'तंत्रसहाय्य कक्ष' अशी पाटी ठोकली. या मुलांसाठी नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

सात नियम लिहिले. सहा नियमांचा मला आजही अभिमान आहे. तीन तासांपेक्षा जास्त थांबवून घ्यायचं नाही. प्राध्यापकांनी आपल्या घरचं काम सांगायचं नाही, म्हणजे कुणाच्या मुलीचा बायोडाटा नाही की कुणाच्या शेताचा सातबारा नाही. मुलांनी कुणाचा पासवर्ड विचारायचा नाही, आणि सांगितला तर ऐकायचा नाही. आणि माझा सगळ्यात लाडका नियम चौथा: माऊस व कीबोर्ड प्राध्यापकांच्याच हातात राहील, सहाय्यकाने फक्त तोंडी सांगावे. त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी एका सरांनी गुण भरायचं काम परस्पर एका पोरावर ढकललं होतं. अठ्ठावीस मुलांचे गुण चुकले आणि सर हात झटकून मोकळे झाले, "मला काय माहीत, त्यानं भरले." पोराला कॉलेज सोडावं लागलं. त्यानंतर मी ठरवलं की बटण ज्याचं बोट दाबेल, जबाबदार तोच.

सातवा नियम प्राचार्यांनी सांगितला. "सुंदरराव, एक राहिलं. उद्या ही पोरं कोर्टात जाऊन म्हणतील, आम्ही इथं काम केलं, आम्हाला कायम करा. त्याचा बंदोबस्त करा." मग मी लिहिलं: या योजनेतील काम हा शिक्षणाचा भाग असून ते नोकरी अथवा अनुभव म्हणून गणले जाणार नाही. सुरुवातीला 'विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हितास्तव' असे शब्दही जोडले. ते जोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दीपमाला पहिल्याच तुकडीत आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, चौसाळ्याहून रोज एसटीनं यायची. वडील शहादेव गवंडीकाम करायचे, आई सरूबाई अंगणवाडीत मदतनीस होती. घरात कुणाकडं संगणक नव्हता, पण पोरीनं शाळेतल्या बंद पडलेल्या संगणकाची मागची पेटी उघडून तो सुरू केला होता, असं तिच्या अर्जात लिहिलं होतं. मला ती थाप वाटली. पुढं कळलं, थाप नव्हती.

तिला मी नियमांचा कागद दिला. तिनं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि चौथ्यावर बोट ठेवलं.

"सर, मशीनला हात लावायचा न्हाई, हे सगळ्याच पोरांना हाय का मलाच?"

मी भडकलो. "सगळ्यांनाच! मराठीत लिहिलंय ना? नीट वाच की."

ती मान हलवून गेली. संध्याकाळी घरी चहाचा कप तोंडाला लावला आणि तिनं मला काय विचारलं होतं ते लख्खपणे कळलं. तिच्या आजीला, पणजीला आमच्यासारख्यांच्या दारात 'हात लावू नको' हे किती वेळा ऐकावं लागलं असेल, हे इतिहासाच्या मास्तरला कळायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून आधीच्या पोराची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मग चांगला हाय नियम." आणि पुढची सात वर्षं तिनं तो असा पाळला की मला स्वतःला त्याचा कंटाळा आला.

तिची एक ठरलेली पद्धत होती. प्राध्यापकाच्या खुर्चीमागं डाव्या बाजूला उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागं बांधायची आणि बोलायची. "वर जावा. अजून वर. आता उजवीकडं. थांबा, पुढं गेलात. हां, तिथं. दाबा." राजनंदिनी मॅडम रसायनशास्त्राच्या, डोक्यानं तापट. त्या म्हणायच्या, "अगं बाई, तूच दाब ना, माझा तास बुडतोय!" दीपमाला शांतपणे सांगायची, "तुमी दाबा मॅडम, मी हाय." आणि मॅडम दाबायच्या. एवढ्या मोठ्या बाईंना गप्प करणारं माणूस कॉलेजात दुसरं नव्हतं.

पासवर्डचं तर विचारूच नका. मला माझा पासवर्ड मोठ्यानं म्हटल्याशिवाय टाइप करता येत नसे. मी तोंड उघडलं की ती दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. "झालं का सर?" असं भिंतीलाच विचारायची. मी मुद्दाम म्हणायचो, "नाही, अजून दोन अक्षरं राहिलीत," आणि तिला तशीच उभी ठेवायचो. म्हातारपणीचा वात्रटपणा, दुसरं काय!

एक मात्र खरं. तिच्यामुळं आम्ही शिकलो. बाकीची तीन पोरं नियम मोडून पटकन काम करून द्यायची, म्हणून ती प्राध्यापकांची लाडकी होती. पण त्यांनी केलेलं दुसऱ्या दिवशी आम्हाला येत नसे. दीपमालानं सांगितलेलं मला आजही येतं. या वयात एखादी गोष्ट नव्यानं यायला लागली याचा आनंद किती मोठा असतो, हे तरुण माणसाला सांगून कळायचं नाही.

याच काळात आमचे प्रयोगशाळा सहाय्यक तानाजीराव निवृत्त झाले. संगणकाची प्रयोगशाळा त्यांच्याकडं असायची. जागा रिकामी झाली ती झालीच, कारण भरती बंद होती. तानाजीरावांची खुर्ची कोपऱ्यात तशीच पडून राहिली. काम अर्थातच दीपमाला करू लागली. ती बी.एस्सी. झाली तेव्हा तिनं मला विचारलं, "सर, ती जागा निघंल का?"

"निघेल की. न निघून सांगते कुणाला? तू थांब. निघाली की ती तुझीच."

हे वाक्य मी सहज बोललो, जसं आपण पाहुण्यांना 'जेवूनच जा' म्हणतो. पण ती त्या शब्दावर थांबली.

थांबायचं तर योजनेत राहावं लागणार, योजनेत राहायचं तर विद्यार्थी असावं लागणार. म्हणून तिनं एम.ए. राज्यशास्त्राला प्रवेश घेतला. ते झालं, जागा निघाली नाही, मग एम.ए. मराठी. तेही झालं, मग समाजशास्त्र. आमच्याकडं हे नवलाचं नाही. जागेच्या आशेनं प्रवेश घेत राहिलेली मुलं मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात सापडतील. विषय कुठलाही असो, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ओळखपत्र चालतं एवढंच त्यात बघायचं असतं. दीपमालाला मात्र तिन्ही वेळा पहिला वर्ग मिळाला. नको असलेल्या विषयातसुद्धा काम अर्धवट करणं तिला जमत नव्हतं.

दर जूनला ती विचारायची, "सर, जागेचं काही कळलं का?" मी म्हणायचो, "यंदा नक्की." मीही मनापासूनच म्हणायचो. संस्थेकडून बातम्या यायच्या, फाइल मुंबईला गेली, फाइल परत आली, त्रुटी निघाली, पूर्तता झाली. प्रत्येक बातमीनं तिचा चेहरा उजळायचा. एकदा नाथा क्लार्कच्या टेबलाजवळ ती उभी दिसली. सकाळची वेळ, आम्ही एकेक जण हजेरीपटावर सह्या करत होतो. योजनेतल्या मुलांसाठी वेगळी शंभरपानी वही असायची. ती माझ्या सहीकडं बघत म्हणाली, "सर, मला एकदा त्या मोठ्या रजिस्टरमधी सही करायचीय." हसत म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. इतकी साधी गोष्ट कुणाला इतकी हवी असू शकते, हे पाहून मला कसंतरीच झालं, आणि मी घाईनं तासाला निघून गेलो.

एकदा तिला पुण्याहून बोलावणं आलं होतं. एका कंपनीत लोकांच्या संगणकाच्या अडचणी फोनवरून सोडवायच्या, म्हणजे ती करत होती तेच काम, फक्त पक्कं. ती माझ्याकडं आली. "जाऊ का, सर?"

कॉलेजांना दर्जा देणारी नॅकची समिती चार महिन्यांवर आली होती. पाच वर्षांचे अहवाल, फोटो, हजेऱ्या, सगळं वेबसाइटवर चढवायचं होतं, आणि ते कुठं आहे हे फक्त तिला माहीत होतं. मी म्हणालो, "पुण्यात काय ठेवलंय? भाड्यात पगार जाईल. इथं जागा निघायच्या बेतात आहे आणि तू चाललीस? घरचे काही म्हणतात का?"

"न्हाई सर. त्यांना माहितीय मी कामाला हाय."

"मग झालं तर."

ती गेली नाही. त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोललो नाही, एवढं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण तिचं भलं बघताना माझ्या एका डोळ्यापुढं नॅक होती, हेही तितकंच खरं आहे.

नॅक झाली, बरा दर्जा मिळाला, आम्ही एकमेकांना फेटे बांधले. फोटोत दीपमाला नाही, कारण फोटो ती काढत होती.

पुढं टाळेबंदी आली. चौसाळ्यात तिच्या घरात नेटवर्क नव्हतं म्हणून ती पत्र्यावर चढून बसायची. तिथून ती चाळीस प्राध्यापकांना फोनवर चालवायची. "सर, खाली माईकचं चित्र हाय बघा, त्याच्यावर रेघ हाय ना, ती काढा." तीन तासांचा नियम तेव्हा कुठं गेला, कुणी विचारलं नाही. नियम लिहिणारानंही नाही. मी मोबाइलपुढं बसून शिकवायचो, समोर नुसत्या काळ्या चौकटी. शिकवून झालं की वाटायचं, आपण भिंतीशी बोललो. मग एका चौकटीतून आवाज यायचा, "येतोय सर आवाज. शेवटपर्यंत आला." ती काही इतिहासाची विद्यार्थिनी नव्हती. आवाज जातोय का बघायला यायची आणि तासभर बसायची. त्या दोन वर्षांत त्या एका वाक्यासाठी मी किती आसुसलेला असायचो, हे तिला मी कधी सांगितलं नाही.

आणि मग जागा निघाली.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. प्रयोगशाळा सहाय्यक, एक पद. जाहिरात फलकावर लागली त्या दिवशी दीपमाला पेढे घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, अजून अर्ज तर कर." ती म्हणाली, "निघाली ना सर, त्याचे हायत." जाहिरातीत शेवटी एक ओळ होती: प्रयोगशाळेतील कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, दाखल्यासह. ती ओळ वाचून ती उलट खूश झाली. दोन कशाला, तिच्याकडं सात होती.

दाखल्याचा अर्ज तिनं नीट टाइप करून दिला. आठवड्यानं प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर तिचा अर्ज होता, शेजारी माझ्या अक्षरातला नियमांचा कागद.

"सुंदरराव, हा दाखला देता येत नाही. सातवा नियम बघा. तुम्हीच लिहिलाय."

"साहेब, पण तिनं काम केलंय. तानाजीरावांचं सगळं काम."

"तसं कागदावर कुठं आहे? तिला एकीला दिला तर आतापर्यंतची तीस-बत्तीस पोरं रांग लावतील." मग ते जरा थांबले आणि एक वेगळीच फाइल पुढं सरकवत म्हणाले, "तुमचे पेन्शनचे कागद आलेत. ना-चौकशी प्रमाणपत्र राहिलंय, ते या महिन्यात करून टाकू."

त्यांनी धमकी दिली नाही. अमरसिंह तसे माणूस वाईट नाहीत, एका कामात दुसरं काम आठवणं हा त्यांचा स्वभाव. पण माझ्यावर कसली चौकशी नाही, या प्रमाणपत्रावर सही त्यांचीच लागणार होती. एकतीस वर्षं पोरांना बंडं शिकवली, कोण कुणाविरुद्ध का उठलं हे खडूनं फळ्यावर लिहिलं. आणि एका सहीसाठी मी "बरं" म्हणून उठलो. त्या 'बरं'ची मला अजूनही लाज वाटते.

दीपमालाला मी सांगितलं की प्रयत्न चालू आहे.

एकेचाळीस अर्ज आले. छाननी समितीत प्राचार्य, राजनंदिनी मॅडम आणि मी. अर्ज वाचून, पात्र-अपात्र ठरवून ते दोघं जेवायला गेले. तक्ता संगणकावर भरायचं काम माझ्याकडं राहिलं. नाव, शिक्षण, अनुभव, शेरा. निम्म्यात आलो आणि काहीतरी बिघडलं. शेरा एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत दिसू लागलं. मी दोनचार बटणं दाबून पाहिली, तसं आणखीच बिघडलं. मग सात वर्षांत जे करत आलो तेच केलं. विचार न करता फोन उचलला आणि म्हणालो, "दीपमाला, जरा वर ये गं. तक्ता सरकलाय."

तीही विचार न करता आली. खुर्चीमागं डाव्या बाजूला उभी राहिली, हात पाठीमागं बांधले. अर्जदारालाच आपण छाननीच्या खोलीत बोलावलं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिची नजर पडद्यावर फिरत चौदाव्या ओळीपर्यंत गेली होती. चौदावं नाव तिचं होतं. त्यापुढं अनुभवाच्या रकान्यात 'नाही' असं मी लिहिलेलं होतं. शेरा मात्र मी लिहिलाच नव्हता, तिथं पंधराव्याचा चढून बसला होता.

मी पडद्यापुढं हात धरला. साठीचा माणूस, पडद्यापुढं हात धरून बसला होता.

"सर, हात काढा, दिसंना," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "तेराव्यापर्यंत बरोबर हाय. चौदाव्याचा शेरा तुमी सोडलाय, त्यामुळं खालचे सगळे एक एक वर सरकलेत."

"दीपमाला, मी बोललो होतो साहेबांशी. मी—"

"सर, चौदाव्या ओळीवर जावा."

मी गेलो.

"शेऱ्याच्या रकान्यात. एक रिकामी चौकट घाला, खालचे शेरे खाली जातील. हां. आता तिथं बाण हाय. दाबा."

बाण दाबला. खाली दोन शब्द उघडले, पात्र आणि अपात्र. माझं बोट उचलेना. मला वाटलं, ती रडेल, भांडेल, कागद फाडून टाकेल, काहीतरी करेल. तिनं फक्त एक मोठा श्वास घेतला, तो मला पाठीमागून ऐकू आला.

"मला नाही जमत हे," मी म्हणालो. "तू कर."

"मला हात लावता येत न्हाई, सर. माऊस तुमच्या हातात हाय."

मी माऊस 'पात्र'वर नेला असता तर काय झालं असतं? प्राचार्यांनी ते दुपारी बदललं असतं, आणि कदाचित माझ्याशी चार दिवस बोलले नसते. त्यापेक्षा जास्त काही झालं नसतं, असं आज वाटतं. त्या वेळी मी 'अपात्र' दाबलं.

"आता खालच्या ओळी जुळल्या," ती म्हणाली. "सेव्ह करा." आणि खाली निघून गेली.

ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही असं सांगितलं तर गोष्ट रंगेल, पण ते खरं नाही. ती आली. मार्चअखेरपर्यंत रोज आली. निवड झालेला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, सालस होता. त्याच्याकडं कुठल्याशा संस्थेचा दाखला होता, शिक्का एकदम ठसठशीत. त्याला कुठली वायर कुठं जाते, कुठला प्रोजेक्टर तापतो, कुठल्या सरांना काय येत नाही, हे सगळं दीपमालानंच दाखवलं. त्याच्या हातात माऊस देऊन, स्वतः मागं उभी राहून. मग परीक्षा दिली, ओळखपत्र जमा केलं आणि गेली. निरोप समारंभ योजनेतल्या मुलांचा होत नाही.

माझा झाला. शाल, श्रीफळ, पेन्शनचे कागद, सगळं वेळेवर.

घरी बसल्यावर माणसाला कसली आठवण येईल सांगता येत नाही. मला वर्गाची आली नाही. मोबाइलवर काही अडलं की मी मान डावीकडं वळवायचो. तिचा नंबर होता, लावला नाही. लावून काय म्हणणार? एक दिवस मी कागद घेऊन बसलो आणि हातानं, माझ्या त्या नावाजलेल्या अक्षरात, दाखला लिहिला. कुमारी दीपमाला हिने सात वर्षे प्रयोगशाळा सहाय्यक पदाचे संपूर्ण काम माझ्या समक्ष केले, ते काम ही नोकरीच होती. खाली सही केली. तो दाखला दीड महिना कपाटात राहिला.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बीडमध्ये गल्लोगल्ली सेवा केंद्रं आहेत. मी चौसाळ्याची एसटी धरली. तिनं तिथं केंद्र टाकलंय, असं नाथा क्लार्ककडून कळलं होतं.

रस्त्याला लागून पत्र्याचा गाळा, बाहेर बाकडं, बाकड्यावर आणि बाकड्याभोवती दहाबारा माणसं. कुणाचा पीकविमा, कुणाचं आधार. आत ती बसली होती, आणि तिची बोटं कीबोर्डवर अशी चालत होती की मी दारातच थांबलो. सात वर्षांत तिला टाइप करताना मी एकदाही बघितलं नव्हतं. एवढा वेग होता तिच्या हातांना, आणि ते आम्ही पाठीमागं बांधून ठेवले होते.

"सर! या, बसा." तिनं रांग थांबवली नाही. माझी पाळी आली तेव्हा यंत्र पुढं सरकवलं. अंगठा उमटेना. "खडूनं झिजला आसंल. दुसरं बोट ठेवा." दुसरं चाललं. छापील कागद हातात देत ती हसली. "घ्या, तुमी हयात हाय म्हणून आलं."

मी खिशातला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो सावकाश वाचला, शेवटपर्यंत.

"यावर जावक क्रमांक न्हाई, सर," ती म्हणाली. "शिक्का बी न्हाई. हे कुठं चालणार न्हाई."

"माहीत आहे."

"तवा मिळाला आसता तर लई उपयोग झाला आसता."

"माझं चुकलं, दीपमाला. मी घाबरलो."

तिनं कागदाची घडी उलगडून परत घातली. एवढ्यात एक बाई डबा घेऊन आत आली. डोक्यावर पदर, चेहरा थेट लेकीचा.

"आई, हे सर," दीपमाला म्हणाली. "आमच्या कॉलेजचे."

सरूबाईंनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "तुमीच का ते? लई नाव घ्यायची ही तुमचं. पोरीला सात वर्सं नोकरीला ठिवलंत, लई उपकार झाले. आमच्या घरात पयली नोकरी तिची."

मी दीपमालाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. सात वर्षं ती घरी नोकरी करतेय, असंच तिनं आईला सांगितलं होतं.

"पर एक इचारू का सर?" सरूबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या. "राग मानू नका. मंग कावून काढलं तिला? हिला इचारलं तर ही काईच बोलत न्हाई. काय चुकलं व्हतं माझ्या पोरीचं?"

"काही नाही चुकलं," मी म्हणालो. बाकड्यावरची माणसं ऐकत होती, तरी मोठ्यानं म्हणालो. "तिचं काहीच चुकलं नव्हतं, बाई. चूक माझी होती."

सरूबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "मंग घ्या की परत तिला."